ओळ खाली पडू द्यायची नाही

सुशीलामावशी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या आणि एक लांबोडकी काळी पेटी. आई आणि मी दार उघडं टाकून खुशाल बघत उभ्या होतो. रास अल खैमात तेव्हा करमणूक म्हणजे एवढीच. नवं बिऱ्हाड आलं की त्यांचं सामान बघायचं आणि मग आठवडाभर त्यावर बोलायचं. आई हळूच म्हणाली, "शिलाई मशीन असणार." मी म्हटलं, "आई, दॅट्स अ गिटार." त्या वयात मी आई-बाबांना मराठीत उत्तर देत नसे, भारीच शहाणी होते. (आज दुबई मरीनातल्या माझ्या घरात माझी मुलगी माझ्याशी तेच करते आणि आई फोनवरून खो खो हसते, म्हणते, बरं झालं, फेड आता!) तर ती बाई वळली, कपाळावरचा घाम पदराने नाही, स्कार्फने पुसला आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "गिटारच हाय ती, वहिनी. पण वाजवूनच पोट भरतं, तवा शिलाई मशीन म्हणालात तरी चालंल." आईचं तोंड जे उघडं पडलं ते पडलंच. तोवर आम्हाला वाटत होतं, बाई गोव्याची नाहीतर श्रीलंकेची असेल. आईने तिला तिथूनच चहाला बोलावलं.

ती नगरची. वडील तिथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि दवाखान्यातली एक परदेशी नर्स मायदेशी जाताना ग्रामोफोन आणि खोकंभर तबकड्या यांच्याकडे ठेवून गेली. सगळी गाणी अमेरिकेच्या खेड्यांतली. इंग्रजी कुणाला धड येत नव्हतं, पण सुशीला नावाची दहा वर्षांची पोर ती गाणी ऐकून ऐकून अशी म्हणायला लागली की शेजारपाजारचे लोक दारात जमायचे. पुढे ती पुण्यात लष्कराच्या क्लबांत गायली, मग मुंबईच्या रेस्टॉरंटांत, मग बहारीन, मस्कत, आणि आता आमच्या खाडीपलीकडच्या हॉटेलात. तिथे तिचं नाव सुझी. कपाटात मोत्याची बटणं लावलेला लाल शर्ट, झालरीचं जाकीट आणि टाचांचे बूट. लग्न का नाही केलं, हा प्रश्न आईने दुसऱ्याच दिवशी विचारला. मावशी म्हणाली, "केलं की वहिनी. काँट्रॅक्टाशी." आईला ते पटलं नाही, पण हसू आलं.

आमचं घर तेव्हा कसं होतं सांगू? बाबा सिमेंट फॅक्टरीत इलेक्ट्रिकल फोरमन. त्यांच्या शर्टातून इतकी धूळ निघायची की आई बाल्कनीत शर्ट झटकायला लागली की खालचा मल्याळी किराणावाला आपली केळी आत घ्यायचा. जेवणात सुरमई, कोळंबी, नाहीतर घोळ, कारण मासळीबाजार पायी दहा मिनिटांवर. आणि आईला मासळीवालीशी, म्हणजे मासळीवाल्याशी, हिंदी-अरबीत भांडायची मनापासून आवड. "हबीबी, यह कल का है, मेरे को मत बोलो!" घरी येऊन ती दर दिरहॅमचा रुपयात हिशेब करून हळहळायची आणि मग तीच सुरमई तळताना गुणगुणायची. खिडकीतला एसी रात्रंदिवस घरघरायचा. आमच्याकडे दोन माणसं एकमेकांशी बोलत असली की भांडतायत असंच वाटायचं, कारण त्या एसीच्या वर आवाज चढवावा लागे.

आणि गुरुवार! गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये भजन. फॅक्टरीच्या कॅम्पातली सगळी कोकणातली मंडळी यायची, देवगड, राजापूर, गुहागर, मालवण. सोफा बाल्कनीत जायचा, सतरंजी पडायची, खिडक्या बंद, एसी फुल. पेटीवर गोपाळबुवा. कॅम्पात ते वेल्डर होते, गुरुवारी बुवा. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की पहिली ओळ टाकली की काचेच्या कपाटातल्या कपबशा वाजायच्या. बाबा पखवाजावर. बाकीचे सगळे झांजा घेऊन मागे. बुवांचा एकच कायदा होता आणि तो नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगायचे: "बुवान् ओळ टाकली की मागच्यान् ती उचलूची. खाली पडाक देवची नाय. ओळ खाली पडली म्हणजे बुवाचो अपमान, नि देवाचो पण." मागे धरायला कुणी चुकलं तर बुवा पेटी थांबवून चष्म्यावरून असे बघायचे की बिचारा पुढच्या गुरुवारी घसा शेकून यायचा.

मावशी आली त्या पहिल्याच गुरुवारी ऐन रंगात दारावर टकटक झाली. सगळे चिडीचूप. कुणीतरी तक्रार केली, आता खलास, असंच सगळ्यांना वाटलं. बाबांनी दार उघडलं तर मावशी, केसांना रोलर लावलेली, पायात सपाता. म्हणाली, "भाऊ, मी आत येऊन बसू का? आमच्या चर्चमधी बी पेटीतबल्यावर भजन व्हायचं. लई वर्षं झाली ऐकून." ती कोपऱ्यात बसली आणि दुसऱ्या ओळीपासून मागे धरायला लागली. बुवांनी पेटीवरून मान वर केली, बघितलं, आणि सूर अर्ध्या पट्टीने खाली घेतला, बाईमाणसाला झेपेल असा. त्यानंतर हॉटेलचं काम उशिराचं असेल त्या गुरुवारी ती येऊन बसायचीच. शिरा दोनदा घ्यायची.

मी शाळेतून दोनला यायचे तेव्हा ती नुकती उठलेली असायची. दप्तर टाकलं की मी समोर. तिचं घर मोठं विचित्र होतं. भिंती कोऱ्या. गिटार खुर्चीत बसवलेली, पाहुणी असल्यासारखी. येशूची तसबीर फ्रीजवर उभी, कॅलेंडर खिडकीच्या कडीला टांगलेलं, लाल शर्ट दाराच्या मुठीला. मी विचारलं, खिळा का नाही मारत? तर म्हणाली, "गप! हॉटेलात गाणाऱ्यानं भाड्याच्या भिंतीत खिळा मारायचा नसतो. मारला की काँट्रॅक्ट तुटतं." बहारीनला तिने म्हणे हौसेने एक मारला होता, तसबीर लावली होती, आणि महिन्याच्या आत हॉटेलवाल्याने गाण्याचा हॉलच बंद करून तिथे टेबल टेनिस मांडलं. तेव्हापासून दहा-एक वर्षं बाईने एकाही भिंतीला हात लावला नव्हता. बॅगासुद्धा अर्ध्याच उघडायची. मला ते ऐकून हसू आलं, पण ती हसत नव्हती.

तिथेच, त्या खुर्चीतल्या पाहुणीला मांडीवर घेऊन, मी गिटार शिकले. बोटांना घट्टे पडेपर्यंत तीनच कॉर्ड. मावशीचं म्हणणं, तीन कॉर्डांत माणसाचा जन्म निघतो, चौथा हा माज. शिकवता शिकवता ती त्या अमेरिकेतल्या गवयांच्या गोष्टी सांगायची, जणू तिचे चुलते-मामेच. एक आंधळा म्हातारा होता, तो स्टेशनाबाहेर बसून गायचा आणि पावलांच्या आवाजावरून ओळखायचा की हा माणूस थांबणार की नाही. एक बाई होती, तिला सहा पोरं. ती भांडी घासता घासता गाणं रचायची आणि ते विसरू नये म्हणून मोठ्या पोरीला पाठ करायला लावायची. एकाने लग्नाच्या खर्चासाठी गिटार विकली आणि स्वतःच्या लग्नात उसन्या गिटारवर वाजवलं. नावं ती सांगायची, पण मी इथे लिहीत नाही. पुढे मी पुस्तकांत शोधलं तर मावशीच्या गोष्टी कुठेच जुळेनात, आणि मला तिच्याच जास्त खऱ्या वाटतात. आई वाटीत कालवण घेऊन यायची आणि दारातच उभी राहून ऐकायची. "मग त्या सहा पोरांना बघायचं कोण?" असलं काहीतरी विचारायची. मावशी म्हणायची, "त्याचंच तर गाणं, वहिनी!"

ब्लूज म्हणजे काय ते तिने मला आमच्याच स्वयंपाकघरात समजावलं, आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असताना. म्हणाली, "सोप्पं हाय. दुःख एकदा सांगायचं. लोकांना पटत नाही म्हणून तेच परत सांगायचं. तिसऱ्या ओळीत कारण सांगून मोकळं व्हायचं." आणि परातीवर बोटांनी ठेका धरून तिने तिथल्या तिथे रचलं:

एसी लावला, पंखा लावला, तरी जिवाची लाही,
एसी लावला, पंखा लावला, तरी जिवाची लाही,
फोन लावला गावाला अन् उचलत कुणी नाही!

आई इतकी हसली की भाकरी करपली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगंबाई, हे तर आमचंच की." तेव्हा गावाला फोन म्हणजे पोस्टासमोरच्या वाण्याकडे, आणि तो दुपारी दुकान बंद करून झोपायचा. मावशी म्हणाली, ही असली गाणी स्टेजवर चालत नसतात, ही घरातली. स्टेजवर गोऱ्यांना त्यांची त्यांचीच लागतात.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि हॉटेलात नवा मॅनेजर आला. मिस्टर फादी, लेबनानी, गुळगुळीत दाढी, सेंटचा घमघमाट. त्याला मावशीचं सगळंच जुनाट वाटलं. त्याला हवा होता कीबोर्ड, चमकणारे दिवे आणि मावशीच्या निम्म्या वयाच्या दोन मुली. मावशीच्या बँडमध्ये तेव्हा तिघं. ती, लीड गिटारवर गोव्याचे आंतोन अंकल, जे तोंडाने फक्त माउथऑर्गन वाजवायचे, बोलायचे नाहीत, आणि मागे कॉर्ड धरायला एक फिलिपिनो, रोमी. रोमीने वाऱ्याची दिशा ओळखली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका जहाजावर नोकरी धरून पसार झाला. फादीने मावशीला सांगितलं, शुक्रवारचं दुपारचं जेवण लॉनवर असतं, फॅमिलीवाले येतात. येत्या शुक्रवारी गा. लॉन जिवंत वाटलं तर वर्षभराची सही. नाहीतर महिनाअखेर खलास. व्हिसा हॉटेलचाच, त्यामुळे खलास म्हणजे सरळ विमानच.

त्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि चहा तसाच ठेवला. परत गेली तर नगरला भावाचं घर होतं, नाही असं नाही. पण भावाने पत्रात आधीच लिहिलेलं: ताई, ये, खोली आहे, फक्त ते हॉटेलातलं गाणं आता बंद. "खोलीबी हाय, जेवणबी हाय," ती म्हणाली, "फक्त मी नाही त्याच्यात. मी नगरला जाऊन काय करू गं? मला दुसरं काही येत नाही." तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही ती रडली नाही, नुसती कपाच्या कानाशी खेळत राहिली. मला मात्र रडूच कोसळलं. आईने मला गप्प केलं आणि विचारलं, "आणि त्या रोमीचं काम कोण करणार?" मावशीने माझ्याकडे बघितलं. आईने मावशीकडे बघितलं. मग काय जुंपली महाराजा! हॉटेल! आणि अकरावीचं वर्ष! लोक काय म्हणतील! मावशी म्हणाली, "वहिनी, दुपारचं जेवण हाय, पोरंबाळं घेऊन येत्यात, तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा." बाबा आतून म्हणाले, "जाऊ दे गं तिला. तीन कॉर्ड तर वाजवायचेत." आईने हातातली पळी कढईवर आपटली. अर्ध्या तासाने म्हणाली, "मग कपडे काय घालणार ती?" म्हणजे झालं, परवानगी मिळाली.

लॉन जिवंत करायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. त्यांचा हिशेब साधा. माणसं हवीत ना? माणसं आहेत! कलाकाराच्या घरच्यांना जेवणाचे पास मिळतात हे मावशीने सांगताच त्यांनी विचारलं, "घरचे किती चालतात?" मावशीने फादीला सांगितलं, माझे भाऊ कॅम्पात राहतात, ते येतील. त्याने विचारलं, किती भाऊ? ती म्हणाली, "आमच्यात कुटुंबं मोठी असतात." आणि शुक्रवारी फॅक्टरीची बस हॉटेलच्या दारात उभी राहिली आणि त्यातून अख्खं भजनी मंडळ उतरलं. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, बुवांच्या खिशात पेन. आदल्या दिवशीचं भजन ड्युटीमुळे राहिलं होतं, ते संध्याकाळी आमच्याकडे करायचं ठरलं होतं, म्हणून झांजांची पिशवीही सोबत. दारातल्या सिक्युरिटीने पिशवी उघडून बघितली आणि "वॉट इज?" विचारलं. बुवा म्हणाले, "म्युझिक."

हिवाळ्याची छान उन्हं, हिरवंगार लॉन, पांढरे टेबलक्लॉथ. ब्रिटिश इंजिनिअर, त्यांच्या बायका, तेलविहिरींवरचे चार-पाच अमेरिकन मोठाल्या हॅट घालून. सगळे आपापल्या काट्याचमच्यांत दंग. मावशीच्या पहिल्या गाण्याला चार टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन आईच्या. हॉटेलात पडून असलेली तिची जुनी गिटार गळ्यात घेऊन मी स्टेजवरून बघत होते. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं हो! आणि ती अशी गात होती, गळ्यात सगळं नगर आणून. लॉनच्या कडेला फादी घड्याळाशी चाळा करत उभा. दुसरं गाणं घरी जाणाऱ्या गाडीचं, संथ, तीन मात्रांचं. मावशीने पहिली ओळ टाकली. मंडळ आत्तापर्यंत पाठ ताठ करून बसलं होतं. बुवांनी डोळे मिटले, मान डोलावली. ओळ संपली, मावशीने श्वास घेतला, आणि मागच्या दोन टेबलांवरून कॅम्पातल्या सगळ्या गळ्यांनी एकदम ती ओळ उचलली! इंग्रजी, जशी कानावर पडली तशी, खड्या आवाजात, शेवटचा शब्द लांबवून, अगदी गुरुवारसारखी.

लॉनवरचे सगळे काटेचमचे थांबले. मावशीने तोवर दुसरी ओळ सुरू केली होती, ती यांच्या ओळीवर जाऊन आदळली. ठेका गेला. माझी बोटं त्या एका कॉर्डवर चिकटूनच बसली. आंतोन अंकलनी डोळे वटारले. मावशीने सावरून दुसरी ओळ परत घेतली, तर यांनी तीही उचलली! एक गोरं पोर जोरात हसलं, मग त्याची आई, मग टेबलामागून टेबल. बाबा उठून मंडळाला दोन्ही हातांनी "बसा, बसा" करत होते. बुवांना काही कळेना. शेवटी ते उभे राहून, कळवळून म्हणाले, आणि एसी नसल्यामुळे ते साऱ्या लॉनला ऐकू गेलं, "अहो, बाई एकटीच म्हणता, मागे कोण धरणा नाय! ओळ खाली पडता ती!"

फादी स्टेजकडे निघाला. मी मनात म्हटलं, गेलं. सगळं गेलं. आम्हीच घालवलं तिचं. मावशीकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. तर बाई हसत होती. गालातल्या गालात नव्हे, चांगली खांदे हलवून. तिने गिटारवर हात ठेवून सूर बंद केले, आंतोन अंकलना म्हणाली, "ए कॉर्डमधून, ब्लूज, हळू," मला म्हणाली, "तुझे तीन कॉर्ड, वैजू, घाबरू नको," आणि माइक तोंडाशी ओढून शुद्ध नगरी मराठीत, "बुवा, बसू नका! आमच्याकडं याला झील म्हणत्यात. मी ओळ टाकते, तुम्ही एकदा उचला. तिसरीला मात्र गप, ती माझी. अन् पिशवीत झांजा हायेत ना? काढा!"

एसी लावला, पंखा लावला, तरी जिवाची लाही...

कितीतरी गाणी मी त्यानंतर ऐकली, मोठमोठ्या स्टेडियमांत ऐकली. पण ती दुसरी ओळ त्या मंडळाने उचलली तसं काही पुन्हा ऐकलं नाही. कारण त्यांना जिवाची लाही म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको होतं. झांजा पडल्या, अगदी बरोबर जागी पडल्या. ब्लूजमध्ये दुसरी ओळ पहिलीच असते आणि जगात कुणी ती दुसऱ्याने म्हणावी म्हणून वाट बघत असेल तर ते हेच गाणं. आंतोन अंकलनी माउथऑर्गन असा काढला की मधेच त्यांच्या तोंडून "हाय साय्बा!" निघालं, मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य. आणि मावशीने तिसरी ओळ घेतली, फोन लावला गावाला अन् उचलत कुणी नाही, तेव्हा मंडळातले काही हसले आणि काही डोळे पुसत होते. मग तिने तिथल्या तिथे पुढचं कडवं रचलं:

मटण केलं, मासा केला, ताट वाढलं छान,
मटण केलं, मासा केला, ताट वाढलं छान,
पाहुणा म्हणून मांजर आलं, त्याचाच केला मान!

या वेळी दुसरी ओळ मंडळाने एकट्याने नाही म्हटली. एक हॅटवाला अमेरिकन उठून त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला होता आणि "मटन केला, मासा केला" असं मनापासून ओरडत होता. त्याच्यामागे पोरं. त्यांच्या आया. पाचव्या कडव्याला, शप्पथ सांगते, लॉनवर खाली बसलेलं कुणी नव्हतं, आणि आमची आई, जिला लोक काय म्हणतील याची काळजी होती, ती खुर्चीच्या पाठीवर ताल धरून सगळ्यांत वरच्या पट्टीत म्हणत होती. मी तीन कॉर्ड फिरवत होते, बोटं सोलून निघाली होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं हे संपूच नये.

संपल्यावर फादी आला. चेहरा मोठा गमतीशीर झाला होता. त्याने बुवांकडे बोट करून मावशीला विचारलं, "ऑल युवर ब्रदर्स?" ती म्हणाली, "ऑल." त्याने विचारलं, "एव्हरी फ्रायडे?" मावशीने बाबांकडे बघितलं, बाबांनी बुवांकडे. बुवा म्हणाले, "ड्युटी नसली तर." फादी म्हणाला, "इन्शाल्ला," आणि मावशीशी हात मिळवून म्हणाला, वर्षभराचं. उद्या ऑफिसात येऊन सही कर. आंतोन अंकलनी स्टेजवरच छातीवर क्रूस केला.

परत येताना आम्ही फॅक्टरीच्या बसमधूनच आलो. मागे मंडळ बेसूर होईपर्यंत एसी-पंखा म्हणत होतं. मावशी माझ्या शेजारी बसली होती, लाल शर्टाच्या बाह्या वर करून, बूट काढून. मग म्हणाली, "वैजू, वीस वर्षं मी जेवणाऱ्या लोकांसमोर गाते गं. एक-एक ओळ टाकायची, ती खाली पडायची, दुसरी टाकायची. मला वाटायचं असंच असतं. आज पहिल्यांदा कुणीतरी उचलली." मी तिचा हात धरला.

घरी पोचल्यावर आईने चहाचं मोठं पातेलं चढवलं, सतरंजी पडली, राहिलेलं भजन सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात मावशी दारात आली. बूट हातातच. म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं ड्रिल मशीन हाय का?" बाबा म्हणाले, आहे की, कशाला? ती म्हणाली, "भिंतीत एक खिळा मारायचाय. गिटारसाठी." बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते म्हणाले उद्या मारू, आत्ता भजन आहे. मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाही बाबा, आत्ता. आत्ताच." त्या दिवशी मी त्यांच्याशी मराठीत बोलले हे आईच्या लगेच लक्षात आलं, तिने मला नंतर सांगितलं.

मग काय, अख्खं मंडळ समोरच्या फ्लॅटमध्ये. बाबा चांगल्या शर्टात स्टुलावर, बुवा खालून सांगतायत "जरा वर, जरा डावीकडे," मावशी डोळे गच्च मिटून, कानांवर हात ठेवून उभी, जणू तिच्याच दाताला ड्रिल लागणार होतं. सिमेंटची भुकटी बाबांच्या केसांवर पडली. खिळा बसला. मावशीने गिटार खुर्चीतून उचलली, टांगली, दोन पावलं मागे येऊन बघितली. मग ती म्हणाली, "भाऊ, शेजारी अजून एक मारा. पोरीसाठी. माझी जुनी गिटार, आज हिनं वाजवली ती, आता हिची."

बाबांनी पुन्हा ड्रिल उचललं. तेवढ्यात आई हातात चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तिथे नको. तिची गिटार इकडे, आपल्या हॉलमध्ये लावा. उजेडात."